जावयाने जिन्याला विचारलेले प्रश्न

जावयाने सासरी आल्यावर काय करावं, याबद्दल आक्कांची मतं पक्की होती. पोटभर जेवावं, "छान झालंय" म्हणावं, दुपारी जरा घोरावं आणि संध्याकाळी "येतो हं" म्हणून चपला घालाव्यात. यापलीकडे जावयाकडून जगात कुणी काही मागितलेलं नाही. पण आक्कांचा जावई प्रश्न विचारायचा.

प्रश्न तरी कसले! "आई, या डब्याचं झाकण तुम्ही नेहमी डाव्या हाताने का उघडता?" आता झाकण उघडायला हात लागतो, कारण लागत नाही. तरी आक्का म्हणाल्या, "उजव्या हातात चमचा असतो म्हणून." त्यावर या गृहस्थाचा चेहरा असा उजळला, की जणू आक्कांनी पुरलेलं धन दाखवलं. जावई इंजिनियर होता, डब्याबरण्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात. लग्न ठरताना "इंजिनियर" एवढंच सांगितलं होतं. धरण नाही, पूल नाही, झाकण, हे नंतर कळलं. "जगात एवढं उघडं पडलंय म्हणून यांच्या पोटाला मिळतं," असं आक्का शेजारी सांगायच्या. पण तोंडावर मात्र "जावईबापू" आणि "अहो". दहाव्या ग्रहाशी वाकडं घ्यायचं नसतं.

त्यांच्या स्वतःच्या घरी प्लास्टर चाललं होतं, म्हणून लेक आणि जावई काही दिवस आक्कांकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. तेवढ्यात या माणसाने घरातली एक वस्तू सुखाने नांदू दिली नाही. दार का कुरकुरतं, खिडकी का अडते, आप्पा चहाची बशी गुडघ्यावर का ठेवतात, सगळ्याची चौकशी.

आप्पा म्हणजे आक्कांचे यजमान. जन्मभर बस चालवली, कधी कुणाला खरचटू दिलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर न्हाणीघरात पाय घसरून स्वतः पडले. तेव्हापासून उजवा गुडघा वाकायचा बंद झाला आणि डावा अर्ध्यावर येऊन रडायला लागला. इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे आप्पांचं जग आक्रसून गॅलरीएवढं झालं, आणि त्या गॅलरीत एक बुद्धिबळाचा पट.

खाली दारापुढच्या बाकावर त्यांचे जुने सोबती बसायचे, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना हृदयाच्या डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केलेली. एकाला खाली येता येत नाही, दुसऱ्याला वर जाता येत नाही. मग दोघांनी दोन पट मांडले, एक गॅलरीत, एक बाकावर, आणि डाव ओरडून खेळायला लागले. आप्पांचा आवाज तेवढा पोचायचा नाही, म्हणून मधल्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आपल्या गॅलरीत उभ्या राहून आप्पांची खेळी वरच्या पट्टीत खाली पोचवायच्या आणि पोस्टमास्तरांची खालच्या पट्टीत वर. सगळ्या इमारतीला डाव तोंडपाठ. दूधवालासुद्धा वर बघून म्हणायचा, "आप्पा, वजिराला जपा हो!"

असं सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात बातमी आली. पोस्टमास्तरांची मुलगी त्यांना आपल्या गावी न्यायला रविवारी येणार होती. कायमचं. एकटं राहणं पुरे झालं म्हणे.

त्या दिवशी आप्पांनी खेळीच केली नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "एकदा समोरासमोर बसून खेळायचं होतं."

आक्कांच्या डोळ्यांत कांदा गेला. कांदा त्या दिवशी चिरला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"हात्तिच्या, त्यात काय एवढं!" त्या म्हणाल्या. "दोन हमाल बोलवा, खुर्चीत बसवा, उचला आणि ठेवा खाली. एवढं मोठं कपाट वर आलं की नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जावयाने तेवढी डोलावली नाही. "थांबा आई. आधी प्रॉब्लेम काय आहे ते नीट ठरवू."

"प्रॉब्लेम तुमच्यासमोर खुर्चीवर बसलाय," आक्का म्हणाल्या, "आणि त्याला अजून वाढायचंय."

पण जावई ऐकेना. त्यांच्या कारखान्यात म्हणे साधं झाकणसुद्धा एकदम करत नाहीत. आधी प्रॉब्लेम ठरवतात. मग माहिती जमवतात, कल्पना काढतात, त्यातली एक निवडतात, तिचा नमुना करतात, मग तो मोडून बघतात, सुधारतात आणि परत मोडतात.

"मोडून बघतात?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दामच, आई."

आक्कांनी लेकीकडे एक नजर टाकली. असल्या माणसाच्या हाती आपण पोटची पोर दिली!

दुसऱ्या दिवशी जावईबापू माहिती जमवायला जिन्यात जाऊन बसले. चांगला शिकलेला माणूस पायरीवर पट्टी लावून गुडघ्यावर रांगतोय, हे सगळ्या इमारतीने पाहिलं. गाण्याच्या बाईंनी विचारलं, "काही हरवलंय का?" दूधवाल्याने विचारलं, "बरं आहे ना डोकं?" हे तर आक्कांच्या जिव्हारी लागलं, कारण दूधवाल्याला जावयाच्या डोक्याबद्दल बोलायचा काय अधिकार? तो अधिकार सासूचा. त्या तरातरा खाली उतरायला लागल्या, आणि पहिल्या मजल्याच्या वर, जिथे नेहमी पाय अडायचा, तिथे त्यांच्या तोंडून नेहमीचं निघालं, "मेला सेक्रेटरी!"

"हीच!" जावई खालून ओरडला. "आई, हलू नका!"

आक्का जागच्या जागी थिजल्या. जावयाने त्यांच्या पावलाशी पट्टी लावली. मग हात जोडावेत तसा चेहरा करून म्हणाला, "सकाळपासून ऐकतोय. तुम्ही खाली जाताना, वर येताना, दर वेळी नेमक्या याच पायरीवर 'मेला सेक्रेटरी' म्हणता. ही पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. डागडुजी केली तेव्हा गवंड्याने हिच्यावर जास्त माल ओतला असणार."

डागडुजी इमारतीच्या सेक्रेटरींनीच करून घेतली होती. म्हणजे शिवी गेली होती ती बरोबर पत्त्यावर.

"तुमच्या पायाला हे माहीत होतं," जावई म्हणाला, "पण त्याला कुणी विचारलं नव्हतं."

आपल्या शिव्यांवर पाळत ठेवली म्हणून आधी आक्कांना राग आला. पण घरी येऊन भाजी निवडायला बसल्या आणि मध्येच थांबून आपल्याच पावलांकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं या पायांनी आपण चालतो. त्यांना एवढं कळतं?

मग कल्पना काढायचा दिवस. आक्कांच्या पुढच्या खोलीत शेजारीपाजारी जमले आणि जावयाने नियम सांगितला: कुणी काहीही सुचवलं तरी "नाही" म्हणायचं नाही. आक्कांच्या घरात! जिथे "नाही" हा शब्द मिठासारखा रोज लागतो, तिथे! आक्कांनी ओठ आवळून धरले ते इतके की पांढरे झाले.

गाण्याच्या बाई म्हणाल्या, आप्पांना तालात उतरवावं, मी ठेका धरते. दूधवाला म्हणाला, भाजीची टोपली गॅलरीतून दोरीने सोडता, तशीच मोठी टोपली करा. दातांचे डॉक्टर म्हणाले, भूल देऊन नेलं तर त्रास होणार नाही. चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले, विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा. जावई प्रत्येकाला "वा!" म्हणायचा आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवायचा. आक्कांच्या दिवाणखान्याची भिंत बघता बघता वेड्यांच्या इस्पितळासारखी झाली. आणि नवल असं की त्या सगळ्या खुळचटपणातून, दोरी टोपलीची, बसणं हमालांच्या खुर्चीचं, ठेका गाण्याच्या बाईंचा, असं थोडं थोडं उचलून संध्याकाळपर्यंत एक वस्तू कागदावर उभी राहिली: पायऱ्यांवरून घसरत उतरणारी खुर्ची, खाली घसरायला पट्ट्यांसारख्या दोन लाकडी धावा, मागे दोरी आणि सायकलीचा ब्रेक. आक्का कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. दही लागताना कुणी बघतं का? इथे डोळ्यांसमोर लागत होतं.

सेक्रेटरी मात्र अडून बसले. जिना सामायिक. सामान न्यायची वेळ ठरलेली.

"हे सामान नाही," जावई म्हणाला. "आप्पांना उतरवायचंय. आधी त्यांच्या वजनाचं बटाट्याचं पोतं बसवून बघणार."

"आप्पांना परवानगी लागत नाही. पोत्याला लागते."

"पण पोतं आप्पांच्या ऐवजी आहे."

"मग पोत्याच्या वतीने आप्पांनी अर्ज करावा."

आप्पांनी पोत्याच्या वतीने अर्ज केला. पोत्याला आप्पांचा स्वेटर घातला, वर टोपी ठेवली. आप्पा दारातून बघत होते. "मी एवढा गुबगुबीत आहे?" त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "पोतं निदान गप्प बसतं."

पहिल्या खेपेला खुर्ची ऐटीत निघाली, वळणावर आली, एक धाव काडकन मोडली, आणि आप्पांच्या स्वेटरातून बटाटे उसळले. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत बटाट्यांची वरात. एक बटाटा गाण्याच्या बाईंच्या उघड्या दारातून आत गेला. तिथे एक शिष्या केव्हापासून सूर लावून उभी होती, तो सूर तुटला. खालून पोस्टमास्तरांचा आवाज आला, "आप्पा, ही कुठली खेळी रे?"

आक्कांना वाटलं, आता जावई तोंड लपवून बसणार. माणसाची रीत तीच. कप फुटला की तुकडे कपाटामागे जातात आणि नाव मांजराचं. पण हा माणूस मोडक्या खुर्चीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "वा! काय सुंदर मोडलीय!" मग त्याने तो मोडका तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला, देव्हाऱ्यातलं फूल ठेवावं तसा रुमालात ठेवला. "बघा आई, इथून मोडली. म्हणजे जोर इथे येतो. हे कागदावर कधीच कळलं नसतं."

आक्का बघतच राहिल्या. मोडल्यावर हसणारा पुरुष त्यांनी प्रथमच पाहिला.

दुसऱ्या खेपेला धावांखाली रबर लावलं होतं, घसरू नये म्हणून. इतकं गुणी निघालं ते रबर, की खुर्ची अर्ध्या जिन्यात जी रुतली ती वरही जाईना आणि खालीही. सेक्रेटरी वर अडकले, त्यांची बायको बाजारहाट करून खाली. दूध वरच्यावर हातोहात गेलं. शेवटी इमारतीच्या समितीची तातडीची सभा जिन्यातच भरली, निम्मे सभासद खुर्चीच्या वर, निम्मे खाली, मध्ये स्वेटर घातलेलं पोतं अध्यक्षस्थानी. खुर्ची हलत नाही, असा ठराव एकमताने झाला. मग दातांच्या डॉक्टरांनी आक्कांच्या स्वयंपाकघरातली तेलाची बाटली उपडी केली. खुर्ची सुटली, पण पुढचे दोन दिवस सगळी इमारत भिंतीला धरून नव्या सुनेसारखी हळू चालत होती.

"केवढं चिकटलं!" जावई त्या रबराला कुरवाळत म्हणाला. "हे जपून ठेवायला पाहिजे."

तिसऱ्या खेपेला, शनिवारी सकाळी, खुर्ची लोण्यातून सुरी जावी तशी गेली. सेक्रेटरी पाहणीला आले होते. सुरक्षिततेची खात्री समितीने स्वतः केली पाहिजे, असं म्हणून ते बसले, डोळे मिटले, आणि तळाशी पोचल्यावर त्यांनी ते हळूच उघडले. "एकदा पाहून नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले, आणि परत चढून वर आले. मग आणखी एकदा. शेवटी त्यांची बायको म्हणाली, "अहो, पुरे आता, इतरांनाही आयुष्य आहे."

सगळी इमारत आप्पांच्या दारात जमली. आक्कांनी इस्त्रीचा सदरा काढला. आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी नाही बसणार."

आता मात्र आक्कांचा तोल सुटला. "नाही बसणार? माझं तेल गेलं, बटाटे गेले, भिंतीला कागद चिकटवून रंग गेला, सेक्रेटरीसारखा माणूस फुकट हिंडून घेतो, आणि तुम्ही नाही बसणार? उद्या रविवार आहे! तो माणूस जाणार आहे, कळतंय का?"

"कळतंय," आप्पा म्हणाले आणि तोंड गॅलरीकडे केलं.

सगळे जावयाकडे बघायला लागले. एवढे दिवस राबलेला माणूस. आता भडकेल, निदान आदळआपट तरी करील, असं वाटलं. जावयाने आप्पांच्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला, आणि आक्का शपथेवर सांगायला तयार आहेत, तो हसला.

"चुकलंच की! परत पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे कुठून?" लेकीने विचारलं.

"प्रॉब्लेम काय आहे इथून. मी जिन्याला विचारलं, आईंच्या पायाला विचारलं, दूधवाल्यालासुद्धा विचारलं. ज्यांना जायचंय त्यांनाच विचारलं नाही."

आणि आप्पांच्या समोर फरशीवर मांडी घालून बसला. "आप्पा, तुम्हाला नक्की काय हवंय?"

आक्का स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं, हा काय प्रश्न झाला? एवढ्या संसारात आपण हा प्रश्न रोज विचारतो. मग आठवलं, आपण विचारतो आणि उत्तराच्या आत वाढतोसुद्धा.

जावई नुसता बसून राहिला. थांबणं हेही काम आहे अशा थाटात बसला होता.

"जन्मभर मी लोकांना नेलं," आप्पा शेवटी म्हणाले. "मला कुणी नेलं नाही. त्या खुर्चीत तोंड मागे करून बसायचं. ड्रायव्हर कधी मागे तोंड करून बसतो? आणि तो पोस्टमास्तर खाली पट मांडून बसलेला. त्याच्यासमोर मी दोरीला बांधून उतरणार? मग हरायचं काय राहिलं?" त्यांनी पटावरचा राजा उचलला. "हा बघा. सगळ्यांत लंगडा हाच. एका वेळी एकच घर. पण जातो तो स्वतः."

जावयाने राजाकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग परत राजाकडे.

"एका वेळी एकच घर," तो पुटपुटला. "आणि घर मोठं पडत असेल, तर अर्धं."

मग जे सुरू झालं ते आक्कांनी कधी पाहिलं नव्हतं. या माणसाने आक्कांचं लाटणं मागून घेतलं आणि लेकीकडून आपल्या उजव्या पायाला गुडघ्यावर करकचून बांधून घेतलं. पाय वाकेना. डाव्याला पट्टा आवळला, तोही अर्धाच वाकेल असा. आणि निघाला जिना उतरायला. पहिल्या पायरीवर हेलपाटला, दुसरीवर कठड्याला लोंबकळला. "जावईबापू, अहो पडाल!" आक्का ओरडल्या. "पडायलाच हवं, आई," तो धापा टाकत म्हणाला. "आप्पांना कुठे भीती वाटते ते मला वाटल्याशिवाय कसं कळणार?"

आक्कांच्या हातातली पळी खाली आली. दुसऱ्याचं दुखणं समजून घ्यायला माणसं "अरेरे" म्हणतात. लाटणं बांधून बघणारा हा एकच.

त्या लाडक्या खुर्चीचे त्याने तुकडे केले. तिच्या फळ्यांची एक बुटकी पेटी केली, अर्ध्या पायरीच्या उंचीची, आणि तिला उभा लांब दांडा लावला, काठीसारखा हातात धरायला. पेटी खालच्या पायरीवर एका कडेला ठेवायची, आधी पेटीवर पाय, मग शेजारी पायरीवर, मग दांड्याने पेटी उचलून पुढे. पायरीचे झाले दोन तुकडे. पेटीच्या खाली आणि वर लावलं तेच दुसऱ्या खेपेचं रबर, ज्याने समितीची सभा भरवली होती. आणि त्या बोटभर उंच पायरीसाठी पेटीची एक बाजू जरा चढ ठेवून लाल रंगवली. तिथे दांडा फिरवून लाल बाजू पायाखाली आणायची. लाटणं बांधून स्वतः उतरून पाहिलं, पडला, दांडा तासला; पुन्हा उतरला, पडला नाही. मग तळाशी बसून लाटणं सोडलं आणि उड्या मारत वर आला.

जे जे मोडलं होतं, जे जे अडलं होतं, ते सगळं त्या पेटीत कुठे ना कुठे जाऊन बसलं होतं. आक्का तिच्यावरून हात फिरवत होत्या. वाया गेलेलं काहीच नव्हतं. आक्का स्वतःला काटकसरी समजत. पण एवढी काटकसर त्यांनाही जमली नव्हती.

रविवारी सकाळी आप्पा दाराबाहेर आले. इस्त्रीचा सदरा, एका हातात दांडा, दुसरा कठड्यावर. मागे एक पायरी सोडून आक्का. पुढे जावई, हात नुसते उघडे ठेवून, कुणाला न धरता. प्रत्येक मजल्यावर दारं उघडून माणसं उभी. गाण्याच्या बाईंनी ठेका धरायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

पेटी. पाय. पाय. पेटी. पाय. पाय.

एवढ्या कटकट्या इमारतीत एवढी शांतता आक्कांनी कधी ऐकली नव्हती. पुढे चाललेल्या त्या पाठीकडे बघता बघता त्यांना कळेना, की आपण जिना उतरतोय की देवळाच्या पायऱ्या चढतोय. आप्पांची मान सरळ होत चालली होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते ड्रायव्हर झाले. वळण आलं की आधी लांबवर बघायचं, मग वळायचं.

पहिल्या मजल्याच्या वर आप्पांनी सवयीने पेटी ठेवली, तशीच, साधी बाजू पायाकडे. पाय उचलला. जावयाने तोंड उघडलं, पण त्याचा आवाज निघण्याच्या आत आक्कांच्या पायाने मागूनच ती पायरी ओळखली आणि वरून कडाडलं,

"मेला सेक्रेटरी!"

आप्पांचा पाय हवेतच थांबला. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं. दांडा फिरला. लाल बाजू पायाखाली आली. पाय टेकला.

खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरींनी ती शिवी मान लववून स्वीकारली. त्यांच्या कारकिर्दीत त्यांचा एवढा उपयोग प्रथमच झाला होता.

आणि आप्पा दारातून बाहेर, उन्हात आले. बाकावरून पोस्टमास्तर उठून उभे राहिले. मुलगी सामान घेऊन शेजारी. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मिठी नाही, काही नाही. आप्पा बसले आणि म्हणाले, "तुझी खेळी."

लेकीने वरचा पट जसाच्या तसा तबकासारखा धरून खाली आणला आणि खालच्या पटाशेजारी ठेवला. मग मात्र गडबड झाली. वरच्या पटावर आप्पांचा वजीर दिमाखात उभा. खालच्या पटावर तो केव्हाच मेलेला. वर पोस्टमास्तरांचा एक हत्ती, खाली दोन्ही.

"तू चोर आहेस," आप्पा म्हणाले.

"चोर तू," पोस्टमास्तर म्हणाले. "मुडद्याला उभा करतोस!"

दोघांनी एकदम मान वर केली. गॅलरीत गाण्याच्या बाई पदराशी खेळत उभ्या होत्या. "मी काही फार केलं नाही," त्या म्हणाल्या. "दोन-चार ठिकाणी जरा सुधारून सांगितलं. फारच वाईट खेळत होतात हो तुम्ही दोघं!"

क्षणभर कुणाला हसावं की रडावं कळेना. मग आप्पांनी दोन्ही पटांवरच्या सोंगट्या एका हाताने सरकवल्या. "मांड परत. पहिल्यापासून." आणि जावयाकडे बघून डोळा मारला. पोस्टमास्तर मुलीला म्हणाले, "तू जा वर, चहा पिऊन ये. हा डाव लांबणार." मुलीने सामान खाली ठेवलं.

सगळीकडे हसणं, बोलणं, टाळ्या. त्या गलबल्यात आक्कांना एकदम काहीतरी आठवलं. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग मान मागे टाकून वरपर्यंत गेलेल्या जिन्याकडे पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या. "आणि वर?"

गलबला थांबला. जावयाचा चेहरा पडला. तो दर खेपेला लाटणं बांधून खाली उतरला होता. आणि दर खेपेला तळाशी लाटणं सोडून उड्या मारत वर गेला होता. चढून पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. एवढी मोठी इमारत, एवढी शहाणी समिती, भिंतभर कागद, आणि माणूस खाली गेला की वरही यावा लागतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सगळे श्वास रोखून आक्कांकडे बघायला लागले. लेकीने डोळे मिटले. आक्कांचं तोंड सुटलं की काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जावई हळूच पहिल्या पायरीवर बसला. आणि तिथेच, सगळ्यांदेखत, त्याच्या चेहऱ्यावर परत तो उजेड आला, झाकणाच्या दिवशीचा. हात खिशातल्या पट्टीकडे गेला.

आक्का त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्याला खालून वर न्याहाळलं.

"माणसं चुकली की खाली बघतात, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुकलात की तुमचे डोळे लकाकतात. एवढं आयुष्य गेलं, असलं ध्यान मी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलंय तर नजर हटत नाही. उठा. दोन घास खाऊन घ्या आणि मग काय मोडायचं ते मोडा, लाटणं आहेच. पण एक सांगून ठेवते, या खेपेला पहिला प्रश्न मला विचारायचा!"